प्रवेशाची जागा : इनाम, वतन आणि अमानत

महाविद्यालयीन प्रवेशांतील राखीव जागांविषयी जो वाद आपल्याकडे गेली पाऊणशे वर्षे चालू आहे, त्यात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली आहे. ती अशी की, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा ही ती मिळवणाऱ्याच्या मालकीची वस्तू आहे. एक पक्ष म्हणतो, ही वस्तू परीक्षेत अधिक गुण मिळवणाऱ्याने कमावलेली आहे, आणि ती दुसऱ्यास देणे म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेणे होय. दुसरा पक्ष म्हणतो, ही वस्तू आमच्या जातीच्या हिश्शाची आहे आणि तीत नवा वाटेकरी येता कामा नये. पहिल्याच्या लेखी जागा हे इनाम आहे, दुसऱ्याच्या लेखी वतन. माझे म्हणणे असे की, या दोन्ही कल्पना सारख्याच उथळ आहेत. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या महाविद्यालयातील जागा ही समाजाने एका तरुणाच्या हाती, काही मुदतीपुरती आणि काही कामासाठी सोपवलेली अमानत आहे. आणि ती कोणाच्या हाती सोपवावी, असा प्रश्न एकदा विचारला, म्हणजे ज्याला आपण गुणवत्तेच्या नियमाचा अपवाद समजत आलो ते आरक्षण गुणवत्तेच्या मोजणीतलाच एक आवश्यक हिशेब आहे, हे ध्यानात येते.

हे मी बार्शीटाकळीत बसून लिहीत आहे. अकोल्यापासून अठरा-वीस किलोमीटरांवरचा हा जुना कसबा. याच तालुक्यातल्या महान येथील काटेपूर्णेच्या धरणाचे पाणी अकोला शहर पिते, आणि याच तालुक्यातल्या मुलास डॉक्टर व्हावयाचे झाल्यास शिकवणीसाठी अकोल्याची वाट धरावी लागते. त्या वाटेचा खर्च ज्याच्या घरी निघतो आणि ज्याच्या घरी निघत नाही, अशा दोघांची उत्तरपत्रिका मात्र एकाच यंत्रावर तपासली जाते.

१. इनामाची कल्पना

गुणांची टक्केवारी म्हणजे गुणवत्ता, हा समज इतका रूढ झाला आहे की तो समज आहे याचाच विसर पडला आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. या मोजमापातून जो आकडा निघतो त्यात विद्यार्थ्याची बुद्धी असते, त्याचे श्रम असतात, आणि या दोहोंवर घरच्यांनी, शाळेने व शहराने केलेला खर्चही असतो. आकड्यातून हे तीन घटक वेगळे दिसत नाहीत. परीक्षा खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती जे मोजते ते प्रामाणिकपणे मोजते. परंतु ती मुक्कामाचे ठिकाण सांगते, चाललेले अंतर सांगत नाही, आणि आपण मात्र मुक्कामावरूनच चालणाऱ्याच्या पायांतील बळ ठरवून मोकळे होतो.

वऱ्हाडातल्या कास्तकाराला हा भेद समजावून द्यावा लागत नाही. ओलिताच्या भारी काळ्या रानात एका वाणाने एकरी दहा क्विंटल कापूस दिला आणि बरड, कोरडवाहू तुकड्यात दुसऱ्या वाणाने आठ क्विंटल दिला, तर बियाणे कोणते चांगले, याचा निर्णय तो केवळ उताऱ्यावरून करणार नाही. जमीन कोणती, पाणी किती, खत किती, हे तो आधी विचारील. जो विवेक आपण सरकीच्या बाबतीत दाखवतो, तो माणसाच्या मुलाच्या बाबतीत दाखवण्यास नकार देणे, यास मी बौद्धिक आळस म्हणतो. पिंजर किंवा धाबा येथील शेतमजुराच्या मुलीने, जिच्या घरात तिच्यापूर्वी कोणी दहावीच्या पुढे गेले नाही, मिळवलेले गुण आणि दोन वर्षे नामांकित शिकवणीत राहून, तीन-चार सराव परीक्षांच्या मालिका देऊन मिळवलेले थोडे अधिक गुण, यांत भावी सामर्थ्याची साक्ष कशात जास्त आहे, हा प्रश्न दयेचा नाही, अनुमानाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गाचे आरक्षण वैध ठरवताना हाच विचार मांडला: स्पर्धा परीक्षेतील गुणांत कुटुंबाची, शिक्षणाची आणि सामाजिक स्थानाची पुंजी मिसळलेली असते, म्हणून गुणवत्तेचा अर्थ त्या गुणांपुरता संकुचित करता येत नाही. निकाल गाजला, विचार मात्र आमच्या वादविवादांत अद्याप उतरलेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. गुणवत्तेचा कैवार घेणाऱ्यांचा रोष पैशाच्या आरक्षणावर क्वचितच उतरतो. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले. देणग्यांचा बाजार इतका फोफावला की १९८७ साली तो रोखण्यासाठी कायदा करावा लागला. २००५ सालच्या इनामदार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाजगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली. या जागांवर येणारे गुण पुष्कळ वेळा राखीव प्रवर्गाच्या कटऑफच्याही खाली असतात, तरी 'अशा डॉक्टरच्या हाती जीव कसा सोपवावा' हा प्रश्न त्यांच्याविषयी कोणी विचारीत नाही. जो आक्षेप एकाच दिशेने उठतो, त्याचे मूळ गुणवत्तेच्या चिंतेत नसून दुसरीकडे असते.

२. वतनाची कल्पना

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि येथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडावयाचे आहे.

वतन म्हणजे काय, हे वऱ्हाडाला सांगावयास नको. निजामाच्या अमलात आणि त्याच्याही आधीपासून देशमुख, देशपांडे, पाटील, महार अशी वतने गावगाड्यात होती. वतन वंशपरंपरेने चाले. ते धारण करणाऱ्याची लायकी किंवा गरज कोणी तपासत नसे. भाऊबंदकीत त्याच्या तक्षिमा पडत. आणि कनिष्ठ वतनात तर लाभापेक्षा बेडीच अधिक होती, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले होते. ज्या महापुरुषाने वतन मोडावयास आयुष्य वेचले, त्याच्याच नावाने मिळालेल्या तरतुदीस आपण नव्या वतनाचे रूप देऊ लागलो तर तो त्या विचाराचा पराभव होईल.

जागांची संपूर्ण वाटणी कशी दिसते, याचा इतिहासात एक स्पष्ट नमुना आहे. मद्रास प्रांताच्या जातवार शासकीय आदेशानुसार दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना आणि एक मुसलमानांना, अशी वाटणी होती. चौदाच्या चौदा जागांवर कोणत्या ना कोणत्या समाजाच्या नावाची पाटी. जिच्यावर कोणाचीच पाटी नाही अशी जागा एकही नाही. चंपकम दोराईराजन यांच्या प्रकरणात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून मागासांसाठी विशेष तरतुदीचा अधिकार राज्यांना देण्यात आला. या दोन घटनांत विरोध आहे असे सामान्यतः सांगितले जाते. मला त्या एकमेकींना पूरक वाटतात: न्यायालयाने सर्वांमधील वाटणी नाकारली, संसदेने मागे राहिलेल्यांसाठीची तरतूद मान्य केली. नवे कलम 'सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास' असलेल्यांविषयी बोलते. ते जातीच्या मिळकतीविषयी बोलत नाही.

वतनाची वृत्ती आज कोठे दिसते? दाखल्यांच्या दुनियेत ती दिसते. इतर मागासवर्गाच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो; तेव्हा बाप तहसिलीत आणि जुन्या शाळेत हेलपाटे घालतो, कोतवाल पंजी आणि दाखल-खारीज नोंदवहीतली पणजोबाची नोंद धुंडाळतो. वऱ्हाडातला कुणबी इतर मागासवर्गात आहे. मराठवाड्यातल्या, तशाच कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या मराठा शेतकऱ्यास तोच दर्जा हवा तर निजामकालीन दप्तर उघडावे लागते, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे निर्णय काढावा लागला. मागासपण आजचे आणि पुरावा निजामाचा, ही स्थिती कोणाही विचारी माणसास अस्वस्थ करणारी आहे. भटक्या जातीतील ज्या कुटुंबाचे एका गावी ठाणेच नव्हते, त्याचा पणजोबा कोणत्या नोंदवहीत सापडणार? ज्याला तरतुदीची गरज सर्वांत अधिक, त्याच्यापाशी कागद सर्वांत कमी. वतनाचा न्याय असाच असतो. त्याला सनद लागते.

३. अमानत म्हणजे काय

अमानतीची तीन लक्षणे आहेत. ती देणारा मालक असतो, घेणारा राखणदार. ती विशिष्ट हेतूने दिलेली असते. आणि तिच्याबद्दल जाब द्यावा लागतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणाचा मोठा भाग करदात्यांच्या पैशातून होतो, आणि त्या करात बार्शीटाकळीच्या बाजारात मीठ-मिरची विकत घेणारी मजूर बाईही आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यास एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र पाळावे लागते. म्हणजे शासनाच्याही मनात ही जागा बक्षिसाची नाही, तीत परतफेडीचे बंधन आहे. हेतू लोकांस डॉक्टर मिळावा हा असेल, तर निवडीचा निकषही त्या हेतूवरून ठरला पाहिजे: कोण ही विद्या घेऊ शकेल, आणि ती घेतल्यावर ज्या वस्तीत, ज्या भाषेत, ज्या दुखण्यांत तिची वाण आहे, तेथवर कोण ती नेईल. रुग्णाची भाषा, त्याची लाज आणि त्याच्या घरची अडचण समजणारा डॉक्टर हा कमी गुणवत्तेचा डॉक्टर नव्हे.

या विचाराचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा जून १९१३ मध्ये त्यांच्याकडून करार लिहून घेण्यात आला की, परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी. ही शुद्ध अमानत होती. आंबेडकर १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्यास गेलेही. आणि त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर त्यांना शहर सोडावे लागले. राखणदार आपले वचन पाळण्यास उभा होता, समाजानेच आपली बाजू मोडली. शिष्यवृत्ती, राखीव जागा, शुल्कमाफी या सर्वांचे यश शेवटी दारी आलेल्याला उंबरठ्याच्या आत घेतले जाते की नाही, यावर अवलंबून असते, हे त्या एका प्रसंगात दिसते.

वऱ्हाडात हीच दृष्टी डॉ. पंजाबराव देशमुखांना होती. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा एडिंबरो-ऑक्सफर्डची विद्या घेऊन परतला, १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उभा राहिला, आणि १९३२ साली त्याने श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. स्वतःच्या जातीपुरता विचार त्याने केला असता तर वऱ्हाडाचे शैक्षणिक चित्र आज वेगळे असते.

४. विदर्भाने आपल्यासाठी काय मागितले?

ज्यांना जातीच्या आधारावरील तरतूद अन्यायाची वाटते, त्या आमच्या भागातील सुशिक्षितांना मी एक प्रश्न विचारतो. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वऱ्हाड-विदर्भाच्या नेत्यांनी काय मागितले होते? मागितले होते ते हेच की, संयुक्त राज्यात गेल्यावर निधी, सरकारी नोकऱ्या आणि व्यावसायिक शिक्षणाच्या सोयी यांत या प्रदेशास न्याय्य वाटा मिळावा. १९५६ साली घटनेत आलेल्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि नोकरीच्या संधी यांची तरतूद केली. वैद्यकीय प्रवेशांत पुढे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांस आणि तीस टक्के राज्यभर खुल्या, अशी पद्धत चालली.

ही पद्धत वऱ्हाडातील सर्व जातींनी, त्यांत ब्राह्मण आणि मारवाडीही आले, आपला हक्क म्हणून उपभोगली. तीत पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी गुणांवर नागपूर-अकोल्यात प्रवेश मिळू शके, आणि त्यास कोणी 'गुणवत्तेचा खून' म्हटले नाही. उलट, मागे ठेवलेल्या प्रदेशातील मुलाचे गुण त्या प्रदेशाच्या संदर्भातच पाहिले पाहिजेत, असे आम्ही ठासून सांगत आलो. ते म्हणणे बरोबर होते. पण जो तर्क प्रदेशास लागू तो जातीस का लागू नाही? वऱ्हाडाचे मागासपण शंभर-दीडशे वर्षांचे. अस्पृश्यतेचे मागासपण त्याहून किती जुने!

या पद्धतीचा शेवटही बोधप्रद आहे. ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सत्तर-तीसचे सूत्र शासनाने रद्द केले. रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातून जोराने झाली होती, आणि तिच्यात तथ्य होते: त्या विभागात महाविद्यालये व जागा कमी, म्हणून तेथील विद्यार्थ्याला आपल्याच विभागात अधिक गुण लागत. वाटा ठरवला परंतु वाढवला नाही, तर वाट्याची रेघही अन्याय करू लागते. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालचे आहे; वाशीम, बुलढाणा आणि अमरावती यांना शासकीय महाविद्यालये मिळण्यास २०२४ साल उजाडले. इतकी दशके आपण असलेल्या जागांच्या टक्क्यांवर भांडलो, आणि जागाच का नाहीत हे विचारण्यास उशीर केला.

५. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप कार्यक्षमतेचा. राखीव जागेवरून प्रवेश घेतलेला विद्यार्थी कमी प्रतीचा डॉक्टर होतो, असे म्हणणारे हे विसरतात की, सवलत प्रवेशाच्या दारापाशी असते; विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांस सारखेच असतात. नोकरीच्या क्षेत्रात अश्विनी देशपांडे आणि टॉमस वाइसकॉफ यांनी १९८० ते २००२ या काळातील भारतीय रेल्वेच्या आठ विभागांचा अभ्यास केला. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांस मिळाला नाही.

दुसरा आक्षेप आर्थिक निकषाचा: गरिबी हीच एक जात आहे, तिच्यावरूनच तरतूद व्हावी. गरिबीचे दुःख मी लहान लेखीत नाही. परंतु गरिबी आणि जात यांची दुखणी निराळी आहेत. गरिबास पैसा दिला तर त्याचे दार उघडते. आंबेडकरांपाशी बडोद्यात पगार होता, तरी दार उघडले नाही. गरिबीवरचा उपाय शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि शुल्कमाफी हा आहे, आणि तो सर्व जातींच्या गरिबांना पुरेपूर मिळाला पाहिजे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण दिले, पण त्यासाठी ठरलेली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये आहे. त्या मर्यादेत आमच्या तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक कुटुंब बसेल, आणि स्पर्धेत पुढे येईल तो पावणेआठ लाखवाला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लाभ त्या त्या प्रवर्गातील सुस्थित घरांतच फिरतो. हे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि यावर रागावून उत्तर देणाऱ्यांशी मी सहमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने इतर मागासवर्गातील उन्नत स्तर वगळण्यास सांगितले. त्याच न्यायालयाच्या १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरणाचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्राने तर विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांचे अ, ब, क, ड असे विभाग फार पूर्वीच पाडले, कारण बलवानाशेजारी दुर्बळाचा वाटा टिकत नाही, हे येथे उमगले होते. जागा वतन मानली तर उपवर्गीकरण म्हणजे भाऊबंदकी. ती अमानत मानली तर ती अधिक गरजवंताच्या हाती पोचवण्याची व्यवस्था. ज्या घरात दोन पिढ्या डॉक्टर झाल्या त्या घराने तिसऱ्या पिढीस खुल्या जागेवर पाठवावे, असे मी कायद्याआधी नीती म्हणून म्हणतो.

चौथा आक्षेप मुदतीचा. आरक्षण केवळ दहा वर्षांसाठी होते, हे वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत हटकून ऐकू येते आणि ते चूक आहे. दहा वर्षांची मुदत ३३४ व्या अनुच्छेदात लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांसाठी होती. शिक्षणासाठीच्या पंधराव्या अनुच्छेदातील तरतुदीस घटनेने मुदत घातलेलीच नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड प्रकरणात वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत मोडीत काढली, त्याचा दाखला आता येथे दिला जातो. तो येथे लागू पडत नाही. १९७८ च्या 'बाकी' (Bakke) प्रकरणापासून तेथे या तरतुदीचे समर्थन मुख्यतः वर्गातील विविधतेवर उभे राहिले; आपल्या घटनेने ते मागासपणाच्या निवारणावर, आणि तेही स्वतःच्या शब्दांत, उभे केले आहे.

६. दाराआधीची वाट

आरक्षण दारावरचा पहारेकरी बदलते. दारापर्यंतचा रस्ता बांधत नाही. तामिळनाडूने २०२० साली वैद्यकीय प्रवेशांत शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. शाळेच्या स्थितीलाच मागासपणाचा पुरावा मानणारा हा मार्ग महाराष्ट्राने अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यास कोतवाल पंजी लागत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी स्वाधार योजना आहे, अल्पभूधारक व मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. भत्ता वेळेवर आला तर ती योजना, नाही तर तो नुसता कागद.

म्हणून बार्शीटाकळीतील आणि एकूण वऱ्हाडातील सर्व समाजांच्या संघटनांस माझी विनंती आहे. यापुढे अकोल्याच्या जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा न्याल तेव्हा टक्क्यांच्या मागणीखाली आणखी तीन मागण्या लिहा: तालुक्यातील विज्ञान शाखेच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात, मराठी असो वा उर्दू, भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या शिक्षकाचे पद एक दिवसही रिकामे राहू नये, मुलींना पुरेल इतके वसतिगृह तालुक्याच्या ठिकाणी असावे, आणि निर्वाह भत्ता महिन्याच्या महिन्याला खात्यात पडावा. या तीन मागण्यांचे निवेदन एकच लिहा, आणि त्यावर सह्या सर्व जातींच्या घ्या.